लिंब नव्हे, निलगिरी

दादा, तेरवीला तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या मांडवात येऊन बसलो की काय, असं मला वाटायला लागलं. कोणी म्हणालं हरणांचा सखा, कोणी म्हणालं रानाचा राखणदार. एकाने तर तुला पाखरांची भाषा कळत होती असंही सांगितलं. तुला माणसांची भाषा किती कळत होती ते मला माहीत आहे, त्यामुळे पाखरांचं मी सोडून देते.

मांडवाच्या तोंडाशी तुझा मोठा फोटो लावला होता. झाडाला अडकवलेल्या त्या परदेशी मचाणावर तू बसलेला, गळ्यात दुर्बीण, नजर लांब कुठेतरी. फोटोचा खालचा भाग कापला आहे. तुझे पाय जमिनीपासून वीतभरच उंच होते, हे त्यात दिसत नाही.

आता मी बोलायला लागले तर तू उठून जाऊ शकत नाहीस. 'जाऊ दे, चहा टाक' म्हणून विषय तोडू शकत नाहीस. एवढी सवलत मला पहिल्यांदाच मिळते आहे, तर घेते.

तुला शिकारी म्हणवून घ्यायची भारी हौस. आजोबांची बाराबोर बंदूक तुझ्याकडे आली, पीकरक्षणाचा परवाना तुझ्या नावावर झाला आणि तू मिशा वाढवल्यास. त्या बंदुकीने तू आयुष्यात एकही जीव मारला नाहीस. रानडुकरावर म्हणून झाडलेली गोळी स्प्रिंकलरच्या पाइपात शिरली आणि हरभऱ्यात तळं साचलं, तेवढीच तुझी शिकार. गावात मात्र तू सांगितलंस की डुक्कर जखमी होऊन नाल्यात उतरलं.

डुक्कर तर निमित्त होतं. तुला हवी होती काळविटाची शिंगं. ओसरीवर आजोबांच्या फोटोच्या वर तू त्यासाठी खिळासुद्धा ठोकून ठेवला होतास. हरीण मारणं गुन्हा आहे हे मी शाळेत चौथीच्या पोरांना शिकवत होते आणि घरी येऊन त्या खिळ्याखाली जेवत होते. तेव्हा मी तुला हसायची. तुझ्या हातून काही होणार नाही अशी माझी खात्री होती. इथे माझीही चूक झाली. ज्याच्या हातून काहीच होत नाही, तो माणूस दुसऱ्याच्या हातून करवून घेतो, हे मला कळायला हवं होतं.

आपलं वावर रोहिणखेडच्या पुढे, डोंगराला लागून. हरभऱ्याला घाटे धरले की हरणं तिथे रोजच उतरतात. त्या हिवाळ्यात तू ओसरीवर बसून मोबाईलवर परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहायला लागलास. त्यांचं बोलणं तुला कळत नव्हतं, म्हणून मला हाक मारायचास. "सिंधू, ये पाह्य बरं, हा काय म्हनून राह्यला." मी हातातलं काम टाकून यायची आणि एक लालबुंद माणूस झाडावर चढायच्या मचाणांबद्दल काय सांगतो ते तुला मराठीत सांगायची. महिनाभर आपल्या घरात दुसरा विषय नव्हता.

मचाणं तीन प्रकारची होती. पहिलं शिडीचं. शिडी झाडाला टेकवायची, वर बसायची जागा. ते तुला आवडलं नाही. "शिडी लावली तं गावाले दिसते," म्हणालास. दुसरं पट्ट्याने खोडाला घट्ट बांधून ठेवायचं, आणि चढायला खोडात लोखंडी पायऱ्या पिळून बसवायच्या. तेही नको. "याच्यात तं मानसाले सोताच चढा लागते," असं तू म्हणालास. ते ऐकून मी हसले होते. आज ते वाक्य आठवतं आणि हसू येत नाही.

तिसरं तुला पसंत पडलं. त्याचे दोन भाग. वरचा भाग बसायचा, खालचा पाय ठेवायचा, आणि दोन्हींतून निघालेली लोखंडी दोरी खोडाला कवळ घालते. वरच्यावर बसायचं, पायांनी खालचा भाग उचलून घ्यायचा, मग उभं राहून वरचा भाग सरकवायचा. अळी फांदीवर चढते तसं. तुझी समजूत अशी झाली होती की ते आपोआप चढतं, लिफ्टसारखं. मी समजावून सांगितलं तेव्हा तू थोडा हिरमुसलास, पण तोवर गादी आणि हातटेकू असलेलं एक तुझ्या मनात भरलं होतं. कुठल्याशा मित्राच्या पोराकरवी ते बाहेरून मागवलंस. खोकं आलं तेव्हा निम्मी आळी ओसरीवर होती. रानात लपून जावं म्हणून त्याच्या कापडावर पानं छापली होती. त्या पानांचं एकही झाड आपल्या तालुक्यात नाही, दादा. पळसाच्या आणि कडुलिंबाच्या रानात ती पानं घेऊन बसणारा माणूस सगळ्यात आधी दिसला असता. पण तू हात फिरवत म्हणालास, "माल पाह्य, माल."

आपला सालदार नामदेव तिथेच उभा होता. पंधरा वर्षं आपल्या वावरात राबलेला माणूस. अंगाने काटकुळा, गळ्यात तुळशीची माळ, मारुतीच्या देवळातल्या भजनात टाळ वाजवायचा. झाडावर असा चढायचा की खाली उभं राहणाऱ्याचीच छाती धडधडावी. तो म्हणाला, "भाऊसाहेब, आंब्यावर बाज बांधून देतो ना. अर्ध्या दिवसाचं काम हाय. दोघं झोपले तरी हालनार नाई."

तू त्याच्याकडे पाहिलंही नाहीस. "तू अडानीच राह्यशीन," म्हणालास. आळी हसली. मीही हसले असेन.

मग झाडाचा शोध सुरू झाला. सोबत आलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: खोड सरळ हवं, वीस फुटांपर्यंत फांदी नको, अमुक जाडीपेक्षा कमी नको, अमुकपेक्षा जास्त नको. माझ्या शिवणाच्या टेपने आपण धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, एकेक झाड मोजलं. लिंबाला छातीच्या उंचीवरच दोन फांद्या. बाभळी वाकड्या. आंब्याला कवळ घालायला तीन माणसं लागली असती. धुऱ्यावरचे साग सरळ होते, पण मनगटाहून थोडे जाड. पळसाबद्दल बोलायलाच नको. ज्या झाडांसाठी ते मचाण केलं होतं, ती झाडं आपल्या रानात नव्हतीच. खोकं मागवण्याआधी एवढं पाहायला कोणाला काही शिक्षण लागत नाही.

शेवटी नाल्याकाठची निलगिरी उरली. सरळ, उंच, गुळगुळीत, साल सुटून लोंबणारी. मी तुला कागद वाचून दाखवला. गुळगुळीत सालीच्या आणि साल सुटणाऱ्या झाडावर हे वापरू नये. चढणाऱ्याने कमरेचा पट्टा आधी झाडाला बांधावा. दोन्ही भाग दोरीने एकमेकांना बांधल्याशिवाय जमीन सोडू नये.

"वाचलं ना? झालं," तू म्हणालास. "वकिलाच्या भेवानं लिहतेत ते लोक."

त्या सकाळी आपण तिघं नाल्यावर गेलो. ऊन नुकतंच वर आलं होतं. तू कमरेचा पट्टा चढवलास, खांद्यांवरून घेतलास, बकलं लावलीस. बंदूक बांधाला टेकवून ठेवलीस. मचाणाचे दोन्ही भाग खोडाला अडकवून झाले. तू खोडाला हात लावलास आणि वर पाहिलंस. बराच वेळ पाहत राहिलास. मग म्हणालास, "नामदेव, तू पह्यले चढून पाह्य. वजन घेते का नाई ते समजन."

तुझं वजन त्याच्या दुप्पट. त्याच्या चढण्याने तुझ्या वजनाचं काय समजणार होतं, हे मी विचारलं नाही.

नामदेव म्हणाला, "मी तसाच चढतो ना भाऊसाहेब, हे कशाले?"

"तसं नाई. याच्यातूनच चढ."

मी म्हटलं, "दादा, कमरेचा पट्टा त्याला दे."

"त्याले कशाले पट्टा? माकडावानी चढते तो."

खालच्या भागावरचा पायाचा पट्टा त्याला अडकवता येईना. "ताई, हे असंच लावा लागते काय?" त्याने मला विचारलं, आणि मी वाकून तो पट्टा त्याच्या अनवाणी पायावर ओढून बसवला. मग मला पिशवीत राहिलेली दोरी दिसली. मी म्हटलं, "दादा, दोन भाग बांधायची दोरी राहिली." तू म्हणालास, "दोन हातच तं वर जाते." मी दोरी हातात घेऊन उभी राहिले. बांधली नाही, दादा. हातात घेऊन उभी राहिले.

तो दोन हात गेला. तू मोबाईल काढून त्याचं शूटिंग करायला लागलास. "अजून वर," म्हणालास. तो चार हात गेला. "अजून. भेतो काय बे?" नामदेव भ्यालेला नव्हता. त्याला ते यंत्र जमत नव्हतं, एवढंच. आपण कुठे चढतो आहोत हे पाहायला त्याला हात-पाय खोडावर लागायचे, आणि तू त्याचे हात-पाय खोडापासून तोडले होते. दोन पुरुष उंचीवर खालचा भाग सुटला. पायाचा पट्टाही निसटला आणि ते लोखंड खाली आदळलं. नामदेव वरच्या भागाला दोन्ही हातांनी लटकला. मग सालीचा एक लांब पट्टा सुटत गेला आणि त्यासोबत वरचा भागही, आणि तो माणूस आपल्या दोघांसमोर खाली आला.

तू आधी शूटिंग बंद केलंस, मोबाईल खिशात घातलास आणि मग धावलास. हे मी तुला कधीच बोलून दाखवलं नव्हतं.

नामदेवची मांडी उलट्या दिशेला वळली होती. ओठ पांढरे पडले होते. पहिलं वाक्य तो काय बोलला ते तुला आठवत असेल. "भाऊसाहेब, बंदूक आंदी घरी ठिवा."

गाडी चालवत, मागे न पाहता तू सांगितलंस, "लिंबावरून पडला. बकऱ्याईसाठी पाला तोडत होता. समजलं?" नामदेव "हाव" म्हणाला. मग तू म्हणालास, "बंदूक अन् हरनाचं निंघालं तं फारेस्टवाले पह्यले तुलेच नेतीन. मले वकील हाय. तुले कोन हाय? घरच्या बाईलेई बोलाचं नाई. पोराच्या डोक्याची आन." तो पुन्हा "हाव" म्हणाला. बुलढाण्यापर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यात विचारलं तेव्हा तू सांगितलंस, आणि मी मान हलवली.

मी का गप्प बसले, हे तू मला कधी विचारलं नाहीस, कारण तुला ते माहीत होतं. सासरी माझं काय चाललं आहे हे कळलं तेव्हा तू एकटा जळगाव जामोदला आला होतास. त्यांच्या घरी चहा घेतला नाहीस, पाणी घेतलंस. "मी बहीन घेऊन चाललो," एवढंच म्हणालास. एस.टी.त खिडकीची जागा मला दिलीस आणि पूर्ण रस्ताभर एक प्रश्न विचारला नाहीस. वहिनींनाही विचारू दिला नाहीस. मला डी.एड.ला घातलंस. गावात कोणी माझ्याबद्दल वाकडं बोललं की त्याच्या दारात जाऊन उभा राहायचास. तो माणूसही तूच होतास, आणि त्याच्यासाठी मी गेले पंधरा दिवस रडते आहे. तुझ्या घरात राहून तुझ्याविरुद्ध कसं बोलायचं, असा प्रश्न मी त्या संध्याकाळी स्वतःला विचारला, आणि उत्तर यायच्या आत ताटावर बसले.

पण इथवरचंही मी एक वेळ गिळलं असतं. पुढचं तू जे केलंस ते गिळता येत नाही.

नामदेवसारखा माणूस लिंबावरून पडतो कसा, हा प्रश्न गावाला पडणारच होता. ओसरीवर कोणीतरी तुला विचारलं, "पेला होता काय भाऊसाहेब?" मी दारात उभी होते. तू नाही म्हणाला असतास तर तिथेच संपलं असतं. तू हो सुद्धा म्हणाला नाहीस. तू जरा हसलास, मान खाली घातलीस आणि म्हणालास, "जाऊ द्या ना. गरीब मानूस हाय." ऐकणाऱ्याला वाटलं, भाऊसाहेबांचं मन किती मोठं. दारू न शिवलेल्या माणसाला तू दारुड्या केलंस, आणि तेही त्याच्यावर दया दाखवून.

कुबड्यांवर चालायला लागल्यावर नामदेव भजनाला गेला. भजनी मंडळाचे बुवा त्याला म्हणाले, "माळेवर हात ठिव अन् सांग, कसा पडला?" नामदेवने गळ्यातली माळ काढली, बुवांच्या हातात दिली आणि घरी आला. गावाला वाटलं, याने कबुली दिली. मी त्याला नंतर विचारलं, तेव्हा म्हणाला, "ताई, लिंबावरून पडलो म्हनाचं, ते माळ घालून कसं म्हनू?"

त्याची बायको कौसा आपल्याकडे स्वयंपाकाला येते. चार वर्षं ती रोज माझ्यासमोर कणीक मळत होती. नवरा घरी आला की ती त्याचं तोंड हुंगते, हे तिनेच मला सांगितलं. वास कधी येत नाही, म्हणून ती अजूनच चिडायची. तिला वाटायचं, हा लपवायला शिकला.

आणि तू? मचाणाचा वाकलेला भाग सरळ करून आणलास. वावरातल्या आपल्या फार्महाऊसजवळच्या एका सागाला, त्यातल्या त्यात जाड पाहून, कमरेच्या उंचीवर ते बसवलंस. पेपरवाल्याला बोलावलंस. शिकार जमली नाही म्हणून तू हरणांचा मित्र झालास. शाळांच्या सहली यायला लागल्या. फाटकावर नामदेवला चौकीदार म्हणून बसवलंस आणि पाहुण्यांना सांगायचास, "पाय गेला बिचाऱ्याचा, पन म्या सोडलं नाई." तो फाटक उघडायचा, सलाम करायचा. मी एकदा माझ्याच शाळेची पोरं घेऊन आले होते. एक पोरगी म्हणाली, "आजोबा, अजून वर जाऊन दाखवा ना." तुझा चेहरा उतरला. खोड धरलेली तुझी बोटं पांढरी पडली. तेव्हा मला एकदम लक्षात आलं. लहानपणी चिंचेवर मी चढायची आणि तू खाली उभा राहायचास, 'मी पहारा देतो' म्हणून. तू कधीही, कुठल्याही झाडावर चढला नव्हतास.

म्हणून मी त्या दिवशी भांडायला बसले. तुझ्याशी तेच शेवटचं भांडण.

मी म्हटलं, "दादा, नामदेवचं नाव साफ कर. पिऊन नव्हता, एवढं बोल."

"चार वर्स झाले. लोक इसरले."

"लोक विसरले. त्याचा गळा अजून मोकळा आहे."

"म्या त्याले चौकीदार केलं ना? कोन करते एवढं?"

"तू त्याला वर का चढवलंस ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "तुला भीती वाटत होती."

तू चिडशील असं वाटलं होतं. तू चिडला नाहीस. अंगणाकडे पाहत हळू आवाजात म्हणालास, "वर पाहलं का माह्या पायाचं पानी होते, सिंधू. लहानपनापासून. कोनाले सांगजो नको."

साठी ओलांडलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी एक खरं वाक्य बोलला, आणि मी हसले. तिरस्काराने हसले, दादा. "एवढ्यासाठी?" म्हटलं. "एवढ्यासाठी एका माणसाचा पाय घेतलास?" तू आत निघून गेलास. पुढे आपण एकमेकांशी जेवणापुरतं बोललो. दोन-तीन आठवड्यांत एका सकाळी दाढी करता करता तू खुर्चीतच कलंडलास. गालावरचा साबण मी पुसला. त्या हसण्याबद्दल मला तुझी क्षमा मागायची होती. प्रश्नाबद्दल नाही. प्रश्न अजून तसाच आहे.

तर तेरवीची गोष्ट. माजी सरपंच बोलत होते. बोलता बोलता त्यांना शेवटच्या रांगेमागे, चपलांच्या ढिगाजवळ बसलेला नामदेव दिसला. "या नामदेवलेच पाहा," ते माईकवर म्हणाले. "दारूपायी पाय मोडून बसला होता. दुसऱ्या कोनं दारात उभं केलं नसतं. भाऊसाहेबाईनं पोटाशी धरला. नामदेव, बोल ना दोन शब्द."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. तू जे पेरलंस तेच ते बोलत होते. नामदेव काठी टेकून उठला. "भाऊसाहेब चांगले होते," म्हणाला आणि थांबला. त्याला पुढचं सुचेना. सगळे त्याच्याकडे पाहत होते, आणि तो मान खाली घालून उभा होता.

मी उठले. माईक घेतला. भाचा म्हणाला, "आत्या, बस ना." वहिनींनी माझा पदर धरला. मी म्हटलं, "नामदेवने आयुष्यात दारू प्यायली नाही. तो लिंबावरून पडला नाही. नाल्याकाठच्या निलगिरीवरून पडला. दादाला हरीण मारायचं होतं, त्यासाठी मचाण आणलं होतं. दादाने त्याला पट्टा न देता वर चढवलं. मी तिथे होते. दोरी माझ्या हातात होती. चार वर्षं मी खोटं बोलले."

वहिनी उठून आत गेल्या. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. बुवा पुढच्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून विचारलं, "नामदेव, खरं हाय काय?"

"हाव," नामदेव म्हणाला. मग त्याला वाटलं असावं की एवढ्यावर थांबणं बरोबर नाही. "पन भाऊसाहेब वाईट नोयते. त्याईले वर चढाचं भेव वाटे. मले माहीत होतं ते. म्हनून मी चढलो."

त्याला माहीत होतं, दादा. तू जे बहिणीपासून जन्मभर लपवलंस ते तुझ्या सालदाराला आधीपासूनच माहीत होतं, आणि त्याने ते तुझ्यासाठी झाकून ठेवलं होतं. तू मात्र त्याच्यासाठी एक 'नाही' उच्चारू शकला नाहीस.

कौसा मागच्या बाजूला पोळ्या लाटत होती. माईकचा आवाज तिथवर जातच होता. ती पिठाच्या हातांनी मांडवाच्या कडेने आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. मला वाटलं, ती रडेल, हात धरेल. माझ्या मनाने तिचं आभार मानणंसुद्धा ठरवून टाकलं होतं.

ती म्हणाली, "आंदी मले सांगा लागत होतं, ताई."

तिने मागे चुलीकडे बोट दाखवलं.

"सकाळपासून तुमच्या बाजूले बसून पोळ्या लाटून राह्यली मी. चार वर्स येऊन राह्यली. माह्या घरी याचं, दार लावाचं, मले सांगाचं. मंग गावाले सांगाचं. माह्या नवऱ्याचं मले माईकवरून आयका लागलं."

तिने हात पदराला पुसले आणि नामदेवकडे गेली. मला एवढं साधं सुचलं नव्हतं. मला माईक सुचला, भरलेला मांडव सुचला. तुला जे दिसत नव्हतं तेच मलाही दिसलं नाही. मी तुझीच बहीण, दादा. आयुष्यभर तुला नावं ठेवताना हे मला कोणी सांगायला हवं होतं.

मी त्यांच्या मागे घराच्या फाटकापर्यंत गेले. कौसाने रस्त्यावर येऊन नामदेवला विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं?" तो म्हणाला, "पोराची आन घातली होती." ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग भराभर पुढे चालायला लागली. नामदेवला तेवढं चालता येत नाही. काठी आपटत तो मागे पडत गेला. त्याने हाक मारली नाही. वाटेच्या वळणावर, गिरणीजवळ, कौसा थांबली. मागे वळून पाहिलं नाही तिने, पण थांबली, आणि तो पोचेपर्यंत तशीच उन्हात उभी राहिली.

माझ्या मागे मांडवात कोणीतरी घाईघाईने माईक हातात घेतला होता आणि तुझ्यासाठी सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगत होता. मी उभीच होते. मांडवाकडे माझी पाठ होती.